ग्रामविकासाचे उच्च शिक्षण : कोणी घ्यावे व कशासाठी

मुलाने किंवा मुलीने विद्यापीठात ग्रामविकास अगर समाजकार्य हा विषय घेण्याचे मनात आणले, म्हणजे घरातील वडील माणसे विचारतात, ‘गाव समजण्यास पदवी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही श्रीरामपूरच्या शेतातूनच देऊ इच्छितो.

भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी ह्या भागाचे रूप पालटले. उसाने घरात पैसा आणला. परंतु भारी काळ्या जमिनीस बेसुमार पाणी दिले व निचरा ठेवला नाही, तर भूगर्भातील पाणी वर चढते; ते उन्हाने उडून जाते, क्षार तेवढे वर राहतात आणि जमीन खारवट होते. उपाय म्हणजे निचऱ्याचा चर. पण चर ओढ्यापर्यंत न्यावयाचा तर तो खालच्या अनेकांच्या शेतांतून जाणार. त्याची खोली व उतार अभियंता सांगेल. मात्र ज्याची जमीन अद्याप चांगली आहे त्याने चरासाठी जागा का सोडावी, खर्च कोणत्या प्रमाणात वाटावा, दरसाल गाळ कोणी काढावा, हे कोण ठरविणार? ह्या शास्त्राचे काम येथेच सुरू होते.

घरोघर पाहणी करून आकडे मांडणे, सभेत न बोलणाऱ्याचे मत काढून घेणे, भाऊबंदकीत कोणाचीही बाजू न घेता तडजोड घडविणे, पंचायत व सहकार ह्यांचे कायदे जाणणे, सार्वजनिक पैशाचा हिशेब सर्वांसमोर ठेवणे, हा ह्या अभ्यासाचा गाभा होय.

असे शिक्षण नसले म्हणजे काय होते, हे देशाने पाहिले आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. रस्ते, विहिरी, शाळा झाल्या. परंतु योजना सरकारची, गाव केवळ घेणारे, असेच बहुधा राहिले. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने लोकांचा सहभाग अपुरा असल्याचे दाखवून सत्ता लोकनियुक्त संस्थांकडे देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या त्या ह्याच विचारातून.

आपल्या जिल्ह्यातील दोन उदाहरणे विचार करण्याजोगी आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली जामखेडला आले. तेथे त्यांनी खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. विद्येचा उपयोग असा, की ती दुसऱ्यास देता आली. हिवरे बाजारचे पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदवीधर. 1989 साली ते सरपंच झाले. त्या गावाने पाणलोटाची कामे केलीच, शिवाय शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास ग्रामसभेतून बंदी केली. म्हणजे ह्याच विषयाची पदवी नसताही काम होते. मग पदवीचा लाभ कोणता? दुसऱ्यांनी चुका करून जे मिळविले ते आरंभीच हाती येते, हा.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली निघाली. ग्रामीण शिक्षणासाठी तिने तुळजापूर येथेही केंद्र काढले. आपल्या शेजारी राहुरीस कृषी विद्यापीठ असून तेथे कृषी विस्तार हा विषय शिकविला जातो. संस्था निवडताना तिची इमारत पाहू नये. विद्यार्थ्यास किती दिवस खेड्यात ठेवते व त्याच्या कामाची तपासणी कोण करते, ते विचारावे.

चरितार्थाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सेवाभावी संस्था, सहकारी संस्था, पाणलोट व आरोग्याची कामे ह्यांत जागा असतात. पण पगार बहुधा बेताचा आणि काम पुष्कळदा योजनेच्या मुदतीपुरते. सरकारी जागेसाठी परीक्षा निराळी द्यावी लागते. अन्यत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून मुलास इकडे ढकलणे त्याच्या व गावाच्या, दोघांच्याही हिताचे नाही.

आमची सूचना एवढीच, की प्रवेशापूर्वी एक सुटी त्यास गावातील एखाद्या चराच्या किंवा पाणीवाटपाच्या कामी लावावे. सर्वांच्या दारी जाऊन, टोमणे ऐकूनही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तर फीचे पैसे निःशंकपणे भरावेत.