आकाशाचा पहारा

इंग्लंडच्या केंट परगण्यांत, समुद्रकांठीं, डेंज या नांवाचें एक उजाड व दगडगोट्यांनीं भरलेलें ठिकाण आहे. तेथें कांक्रीटचीं तीन विचित्र बांधकामें उभीं आहेत. दोन बांधकामें आडवी धार करून उभ्या ठेवलेल्या परातींसारखीं, एक २० फूट व दुसरें ३० फूट व्यासाचें. तिसरें म्हणजे २०० फूट लांबीची बांकदार भिंत. अनोळखी मनुष्यास तीं एखाद्या लुप्त पंथाचीं पूजास्थानें वाटावयाचीं. वास्तविक ते कान आहेत. शत्रूच्या विमानांचा आवाज दुरून ऐकतां यावा म्हणून १९२८ ते १९३० च्या सुमारास ते बांधण्यांत आले.

अंतर्वक्र आरसा प्रकाशाचे किरण एका ठिकाणीं गोळा करितो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या तासास पाहिलेंच आहे. ध्वनीहि तसाच वागतो. समुद्रावरून येणारी विमानाची घरघर या परातींत जमे व तेथें बसलेला शिपाई ती ऐकून वर्दी देई. परंतु हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटरच जातो. विमानें जसजशीं वेगवान होऊं लागलीं, तसतशी वर्दी आणि विमान यांमधील सवड आटत गेली व शेवटीं ती थोड्या मिनिटांवर आली. एवढ्या अवधींत लढाऊ विमान जमिनीवरून उठून पुरेसें उंच चढत नाहीं.

या अडचणींतून वाट सांपडली ती २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं. रॉबर्ट वॉटसन-वॅट व अर्नोल्ड विल्किन्स या शास्त्रज्ञांनीं बी. बी. सी.च्या डॅव्हेंट्री येथील ध्वनिक्षेपण केंद्रापासून कांहीं अंतरावर एका शेतांत आपलें ग्राहक यंत्र मांडलें, आणि हेफर्ड जातीचें एक विमान त्या टापूंतून उडविण्याची व्यवस्था केली. विमानावर आपटून परतलेल्या रेडिओलहरी यंत्रांत उमटल्या. विमान ८ मैलांवर असतांहि त्याचा माग लागला. या लहरींचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदास ३ लक्ष किलोमीटर. युद्धास तोंड लागतां लागतां इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर रडारच्या उंच मनोऱ्यांची रांग उभी राहिली. डेंजच्या परातींना कोणी विचारीना.

परंतु नुसतें दिसणें पुरेसें नसतें. मनोऱ्यांचें तोंड समुद्राकडे. विमान किनारा ओलांडून आंत शिरलें कीं तें त्यांस दिसेनासें होई. तेथून पुढें ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक डोळ्यांनीं व कानांनीं त्याचा पाठलाग करीत. रडारच्या वार्ता टेलिफोनवरून लंडनजवळील स्टॅनमोर येथें येत. तेथें एकाच टोळीविषयींच्या चार परस्परविरोधी वार्ता चाळून त्यांतून एक विश्वसनीय वार्ता निवडण्यांत येई व मगच ती पुढें जाई. ही पद्धत एअर चीफ मार्शल डाउडिंग यांनीं बसविली. १९४० सालीं इंग्लंड वांचलें त्यांत या चाळणीचा वांटा मनोऱ्यांहून कमी नव्हता, असें आमचें मत आहे.

तोफखान्यापुढील कोडें निराळेंच होतें. क्रिकेटमध्यें उंच उडालेला चेंडू झेलणारा गडी, चेंडू आतां जेथें आहे तेथें धावत नाहीं. तो जेथें उतरणार तेथें धावतो. तोफेसहि तेंच करावें लागतें. समजा, विमान ताशीं ४८० किलोमीटर वेगानें चाललें आहे आणि गोळ्यास त्या उंचीवर पोंचण्यास २० सेकंद लागतात. तेवढ्यांत विमान २,६०० मीटरांहून अधिक पुढें गेलेलें असतें. म्हणजे तोफ रिकाम्या आकाशावर रोखावयाची! त्यांतून विमानानें मध्येंच वळण घेतलें कीं सारा हिशेब फुकट. सप्टेंबर १९४० मध्यें एक विमान पाडण्यास निदान वीस हजार गोळे खर्चीं पडत. तरी जनरल पाइल यांनीं लंडनच्या साऱ्या तोफा एकदम सुरू केल्या, तेव्हां तो गडगडाट ऐकून तळघरांत बसलेल्या लोकांस धीर आला, जरी गोळ्यांचे तुकडे त्यांच्याच छपरांवर पडत होते.

पुढें हा हिशेब यंत्रें करूं लागलीं. १९४१ पासून त्या यंत्रांवर तरुण स्त्रियाहि बसूं लागल्या. पंतप्रधान चर्चिल यांची कन्या मेरी ही त्यांपैकींच एक. प्रत्यक्ष तोफ डागण्याची मात्र त्यांस मनाई होती. नेम धरावयाचा त्यांनीं आणि डागावयाची दुसऱ्यानें, या निर्बंधांतील तर्क आम्हांस उमगलेला नाहीं.

१३ जून १९४४ पासून जर्मनीचे 'व्ही-१' नांवाचे वैमानिकाविना उडणारे बाँब लंडनवर येऊं लागले. जुलैंत तोफा शहराभोंवतून उचलून किनाऱ्यावर नेल्या. नवें रडार आणि नवें गणकयंत्र त्यांच्या जोडीस आलें, व गोळ्याच्या टोंकांत चिमुकला रेडिओ बसविण्यांत आला. लक्ष्य जवळ येतांच गोळा आपोआप फुटे. २८ ऑगस्ट रोजीं नव्वदांहून अधिक बाँब आले, त्यांपैकीं लंडनला पोंचले अवघे ४. व्ही-१ सरळ रेषेंत व एकाच वेगानें जाई, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

आणि ८ सप्टेंबर रोजीं चिझिक या उपनगरांत 'व्ही-२' हें अग्निबाणास्त्र पडलें व ३ माणसें मेलीं. तें ध्वनीहून वेगवान असल्यामुळें आधीं स्फोट होई व त्याच्या येण्याचा आवाज मागाहून ऐकूं येई. एकदां तें सुटल्यावर त्यास अडविण्याचा कोणताहि उपाय त्या काळीं नव्हता.

त्या वंशांतील अस्त्रें आतां आकाशांतच गांठतां येतात. रशियानें २०२२ सालीं युक्रेनवर मोठें आक्रमण केल्यावर तेथें जर्मनीहून आयरिस-टी व पुढील वर्षीं अमेरिकन बनावटीची पेट्रियट यंत्रणा आली. मे २०२३ मध्यें कीव्ह शहराच्या आकाशांत पेट्रियटनें रशियाचें किंझाल अस्त्र पाडलें. जुन्या गोळ्यास एकदां सुटल्यावर वळतां येत नसे. हें प्रतिअस्त्र वाटेंतच आपली दिशा सुधारून घेतें. परंतु पेट्रियटच्या अशा एका नव्या प्रतिअस्त्राची किंमत ३० लक्ष डॉलरांहून अधिक आहे, आणि रशिया रात्रींमागून रात्रीं पाठविते तीं शाहेद जातीचीं चालकरहित विमानें त्याच्या अल्पांशानेंहि महाग नाहींत. शिवाय तीं इतकीं खालून उडतात कीं रडारच्या दृष्टीस चुकतात.

यावर युक्रेनच्या लोकांनीं खांबांवर ध्वनिग्राहक बसविले. २०२४ पर्यंत त्यांची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली होती, व एकेकाचा खर्च सुमारें ४०० ते ५०० डॉलर. अनेक खांबांनीं ऐकलेला आवाज जुळवून विमानाचा मार्ग काढतात व तो मोटारींवर मशीनगन घेऊन बसलेल्या टोळ्यांस कळवितात. शाहेदचा वेग ताशीं १८० किलोमीटरांच्या आसपास. ध्वनि त्याच्या कितीतरी पुढें धावतो. तेथील लोक त्या विमानास 'मोपेड' म्हणतात, कारण अंधारांत तें येतांना जुनी फटफटी चढावर चालल्यासारखा आवाज येतो.