घरातील दूरध्वनी आता घरच्याच विजेवर

माजघरातील मेजावर ठेवलेला दूरध्वनी संच पाहणाऱ्यास पूर्वीचाच दिसतो आणि त्याची घंटाही पूर्वीसारखीच वाजते. परंतु तांब्याच्या तारेऐवजी काचतंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी घरात आली की त्या संचामागील व्यवस्था मुळापासून बदलते. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टचा वीजपुरवठाही दूरध्वनी केंद्राकडूनच होत असे. त्यामुळे गावातील दिवे गेले तरी केंद्रातील बॅटऱ्यांच्या बळावर दूरध्वनी चालू राही. काचतंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. ग्राहकाच्या भिंतीवर बसविलेले लहानसे यंत्र, ज्यास तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, ते घरच्या विजेवर चालते. वीज खंडित झाली की ते यंत्र बंद पडते आणि त्याला जोडलेले सर्व संच एकाच वेळी मुके होतात.

गोव्यासारख्या प्रदेशात ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. पावसाळ्यात सत्तरी, सांगे वा काणकोणच्या दऱ्याखोऱ्यांत वीजतारांवर झाड कोसळणे नवे नाही. अशा रात्री घरात वृद्ध दांपत्य एकटेच असेल, मोबाईलला पुरेशी लहर मिळत नसेल आणि १०८ वा ११२ क्रमांकाशी संपर्क साधण्याची वेळ आली, तर मेजावरील संच चालू असणे हाच एक आधार असतो. म्हणून घरात एकाहून अधिक संच बसविण्याचा विचार करताना, संच किती व कोठे याआधी त्यांना वीज कोठून मिळणार हे ठरविणे शहाणपणाचे होय.

इंटरनेटवरून जाणाऱ्या बोलण्याची रीत समजण्यास कठीण नाही. आवाजाचे प्रतिसेकंद ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर होते. सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पुडके, याप्रमाणे सेकंदाला ५० पुडकी रवाना होतात. प्रचलित पद्धतीत आवाजासाठी ६४ किलोबिट लागतात आणि पुडक्यांवरील पत्त्यांचा भार धरून हा आकडा ९० च्या आसपास जातो. आजच्या जोडणीत एवढी जागा सहज मिळते. बोलणे तुटते ते बहुधा जागेच्या अभावी नव्हे, तर पुडकी वेळेवर न पोचल्यामुळे. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित मुभा मिळाली. जून २०१८ मध्ये परवान्याच्या अटींत दुरुस्ती होऊन सामान्य क्रमांकांशी अशा रीतीने बोलण्याचा मार्ग मोकळा झाला.

एकाच क्रमांकावर अनेक संच हवे असल्यास दोन मार्ग आहेत. पहिला जुनाच, म्हणजे समांतर जोडणीचा. ओएनटीवर फोनची खूण असलेल्या खोबणीतून निघालेली तार घरातील पूर्वीच्या रोझेट पेट्यांना जोडली की खोल्याखोल्यांतील संच पुन्हा जिवंत होतात. मात्र त्याआधी रस्त्यावरील खांबावरून आलेली तांब्याची तार घरातील तारांपासून पूर्णपणे सोडवून घेतली पाहिजे. ती तशीच राहिली आणि तिच्यात केंद्राचा प्रवाह असला, तर नव्या यंत्राची खोबण जळण्याचा संभव असतो. हे काम लाइनमनच्या हातूनच करून घ्यावे. दुसरे असे की, घंटा वाजविण्याचे या यंत्राचे सामर्थ्य दूरध्वनी केंद्राइतके नसते. जुन्या धातूच्या घंटेचे चार-पाच संच एकत्र जोडल्यास एकही नीट वाजत नाही, असे घडू शकते. यंत्राच्या पुस्तिकेत ही मर्यादा दिलेली असते. तबकडी फिरविण्याचे जुने संच घंटेपुरते चालतात, पण अनेक नवी यंत्रे तबकडीचे ठोके ओळखत नाहीत व त्यांवरून क्रमांक लागत नाही.

दुसरा मार्ग कॉर्डलेस संचांचा. एकच मूळ बैठक ओएनटीला जोडावी लागते. तिच्याशी संलग्न केलेले इतर हातसंच कोठेही ठेवता येतात, त्यांना दूरध्वनीची तार लागत नाही, फक्त चार्जिंगपुरती वीज पुरते. राजांगणाभोवती पसरलेल्या जुन्या घरात ही सोय मोठीच. परंतु जांभ्या दगडाच्या जाड भिंतींपाशी बिनतारी लहरींचे बळ ओसरते, हे ध्यानात घेऊन बैठक घराच्या मध्यभागी ठेवावी. या बैठकीलाही घरचीच वीज लागते. यास्तव, कॉर्डलेस संच कितीही असोत, साधा तारेचा एक संच ओएनटीला जोडून ठेवणे आवश्यक ठरते.

एक क्रमांक म्हणजे एका वेळी एकच संभाषण, मग संच सहा का असेनात. एकाच वेळी दोघांना स्वतंत्रपणे बोलायचे असल्यास दुसरा क्रमांक घ्यावा लागतो. ज्यांनी स्वतंत्र रूपांतरक यंत्र राउटरला जोडले आहे, त्यांनी राउटरमध्ये आवाजाच्या पुडक्यांना अग्रक्रम देण्याची तजवीज करावी. अन्यथा वरच्या खोलीत चित्रपट उतरवून घेतला जात असताना खालच्या खोलीतील बोलणे अडखळते.

आता विजेविषयी. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, तरी आपल्या यंत्राच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर पाहूनच बॅटरीची पेटी खरेदी करावी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास ऊर्जा असते. १० वॅट खाणारे यंत्र त्यावर हिशेबाने आठ तास चालावे, प्रत्यक्षात पाच-सहा तास धरावेत. राउटर वेगळा असून दूरध्वनी त्यातूनच जात असेल, तर त्यालाही याच बॅटरीवर घ्यावे लागते. घरात इन्व्हर्टर असल्यास ओएनटीची खुंटी त्याच्या मंडलावर घेतली की काम भागते. पुष्कळ घरांत पंखे व दिवे इन्व्हर्टरवर आणि हे यंत्र मात्र बाहेर, असा उलटा प्रकार आढळतो.

सर्व जोडणी झाल्यावर भर दिवसा घराची मुख्य कळ बंद करून प्रत्येक संचावरून एकेक क्रमांक लावून पाहावा व बाहेरूनही एक फोन मागवावा. कोणता संच अंधारातही चालतो, हे घरातील वृद्धांना व मुलांना प्रत्यक्ष दाखवावे आणि त्या संचाशेजारी घराचा, वाड्याचा व जवळच्या ठळक खुणेचा पत्ता लिहून ठेवावा. ही चाचणी दरवर्षी मृग लागण्यापूर्वी पुन्हा करावी, कारण शिशाच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत क्षीण होतात आणि दिवे गेल्याशिवाय ते कळत नाही.