ताटाचा हिशेब

कोणतीही राशी मोजायची तर आधी एकक ठरवावे लागते. मग ‘स्वस्त अन्न’ म्हणताना आपण कोणते एकक वापरतो?

समजा, साखर किलोला 45 रुपये, ज्वारी 40, तूरडाळ 140 आणि पालक 60 रुपये आहे. (भाव रोज हलतात, हिशेबाची रीत हलत नाही.) 100 ग्रॅम साखरेपासून 400 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, ज्वारी व डाळीपासून सुमारे 330, पालकापासून जेमतेम 25. म्हणजे 100 किलोकॅलरींसाठी साखरेला किंवा ज्वारीला सव्वा रुपयाच्या आसपास, डाळीला सव्वाचार आणि पालकाला 24 रुपये पडतात! ऊर्जा हेच एकक धरले, तर पालक ही चैन ठरेल. पण पालक ऊर्जेसाठी कोण खातो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2,000 किलोकॅलरींचे एक नमुन्याचे ताट सुचवले आहे. त्यात दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाज्या 400, फळे 100, दाणे 35, तेल 27 ग्रॅम आणि दूध 300 मिलिलिटर असते. दूध लिटरला 60, फळे किलोला 60, शेंगदाणे 140 आणि तेल 150 रुपये धरून बेरीज करा. सुमारे 79 रुपये येतात. चौघांचे महिन्याला साडेनऊ हजार!

या 79 पैकी ज्वारीचे रुपये फक्त 10; ऊर्जा मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त. भाज्यांचे 24 रुपये, आणि ऊर्जा पाच टक्के. हातातील पैसे अपुरे पडले, की घरातील माणूस नेमके काय कमी करील? भाजी, फळे, दूध. पोट भरलेलेच असते, ते तक्रार करीत नाही. तक्रार रक्तात दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण आहार हे मोठे कारण.

रेशनवर प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळते. आधार मोठा खरा, पण आपल्या बेरजेत दिवसाला सात रुपयेच वाचले. उरलेल्या 72 रुपयांचे काय?

ताटाची आणखी एक किंमत असते, ती दुकानदार सांगत नाही. भातखाचरात पाणी साचते, मातीला प्राणवायू मिळत नाही आणि तेथील सूक्ष्मजीव मिथेन वायू सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन हा सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतका पृथ्वीला तापवतो. गायीम्हशींच्या पोटातूनही तोच वायू निघतो. उलट तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. दहा ग्रॅम प्रथिने डाळीतून साडेसहा रुपयांना मिळतात, दुधातून जवळजवळ एकोणीसला. म्हणजे डाळ खिशाला आणि पृथ्वीलाही हलकी! म्हणून दूध सोडा असे नव्हे. ब-12 जीवनसत्त्व डाळीत नसते.

भाजीचे कोडे वेगळे आहे. ती पृथ्वीला फारशी जड नाही, पण तिच्यात नव्वद टक्के पाणी, म्हणून ती टिकत नाही आणि भाव उड्या मारतो. मेथीच्या जुडीचा जानेवारीतला आणि जूनमधला भाव वहीत टिपा, जुडी निवडून वजन करा आणि वरची बेरीज दोन्ही भावांनी करून पाहा.