शाळेतील इयत्ता आणि शाळेचे क्षेत्र

विषयाचे स्वरूप

एखाद्या वाडीच्या शाळेस पाचवीचा वर्ग जोडावयाचा की नाही, जवळजवळच्या दोन शाळा एकत्र करावयाच्या की नाही, असे प्रश्न निघाले म्हणजे ग्रामसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत मोठा वाद होतो. वाद होणे गैर नाही. शाळा गावाची आहे व गावाने तिच्याविषयी बोलावे हे योग्यच आहे. परंतु पुष्कळदा असे आढळते की, वाद शाळेविषयी सुरू होतो आणि मानापमानात संपतो. "आमची मुले त्यांच्या गावात का जावीत?" ही भावना समजण्यासारखी आहे, तथापि प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या बदलामुळे कोणत्या मुलाची शाळा सुटेल, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात मुख्याध्यापक, शिक्षकबंधुभगिनी व समितीचे सभासद यांच्या अभ्यासासाठी या प्रश्नाचा विचार केला आहे.

इयत्तांचे सांधे

आपल्या राज्यात पहिली ते चौथी आणि पहिली ते सातवी अशा दोन प्रकारच्या शाळा फार काळ चालत आल्या. खाजगी माध्यमिक विद्यालये बहुधा पाचवीपासून सुरू होत. इंग्रजीचे अध्यापन पूर्वी पाचवीपासून होत असल्यामुळे चौथीनंतर शाळा बदलणे स्वाभाविक वाटे. सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाऊ लागली व ते एक कारण उरले नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी असे दोन टप्पे मानले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील रचनेतही पाचवीनंतर व आठवीनंतर टप्पा बदलतो. म्हणजे जुने सांधे चौथी व सातवीनंतर आणि नवे सांधे पाचवी व आठवीनंतर येतात. आजचे बरेचसे वाद या दोहोंच्या ओढाताणीतून निर्माण झाले आहेत.

सांध्याकडे एवढे लक्ष का द्यावयाचे? कारण मूल बहुधा तेथेच गळते. वर्ग बदलताना मुलास काही करावे लागत नाही. शाळा बदलताना मात्र दाखला काढावा लागतो, नवी वाट धरावी लागते, पालकांना पुन्हा एकदा निर्णय घ्यावा लागतो. धाकट्या भावंडास सांभाळणारी मुलगी असेल, तर तो निर्णय तिच्याविरुद्ध जाण्याचा संभव अधिक. म्हणून सांधे थोडे असावेत आणि जे असतील ते मुलाचे वय वाढल्यावर यावेत, हे तत्त्व ध्यानात ठेवावे.

अंतर कसे मोजावे

शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात कनिष्ठ प्राथमिक शाळा सुमारे एक मैलाच्या आत असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. आजच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे : दरडी, पूर, रस्त्याचा अभाव यांसारखा धोका असेल तेथे ही मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी.

यावरून हे उघड होते की, नकाशावर सरळ रेघ मारून अंतर ठरत नाही. ते मुलाच्या पायवाटेने मोजावे आणि आषाढातील वाटेने मोजावे. उन्हाळ्यात दहा मिनिटांत ओलांडता येणारा ओढा पावसाळ्यात दिवसच्या दिवस अडवून धरतो. प्रश्न शाळेच्या हद्दीचा आहेच. पण ती हद्द निसर्गाने आधीच आखलेली असते, हे विसरू नये.

लहान शाळा व मोठी शाळा

एकत्रीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. चौथीत दोनच मुले असतील तर त्यांना बरोबरीचे सोबती मिळत नाहीत, खेळाचे संघ होत नाहीत. साठपर्यंतच्या पटास दोन शिक्षक, या अनुसूचीतील प्रमाणाने पाच इयत्ता दोघांनी सांभाळावयाच्या असतात. एक शिक्षक बैठकीस गेला की सर्व भार दुसऱ्यावर पडतो. सहावी ते आठवीस तर गणित व विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी निरनिराळे शिक्षक हवेत. ते फार लहान शाळेस मिळणे कठीण.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. वाडीतील शिक्षक प्रत्येक मुलाचे घर ओळखतो. मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी तो दारात जाऊ शकतो. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या शाळेतील सोयींपेक्षा जवळची शाळा अधिक मोलाची आहे.

दोन्ही बाजू तपासल्यावर असे दिसते की, त्या निरनिराळ्या वयांविषयी खऱ्या आहेत. लहान वयात जवळीक मोठी, वाढत्या वयात विषयशिक्षण मोठे.

एक कल्पित उदाहरण

समजा, एका वाडीत पहिली ते चौथीची शाळा आहे. पट १७, शिक्षक दोन. दीड किलोमीटरवर गावठाणात पहिली ते सातवीची शाळा आहे. मध्ये बिनपुलाचा ओढा आहे. तीन मार्ग संभवतात : वाडीची शाळा गावठाणात मिळविणे, आहे तसे ठेवून पाचवीस गावठाणात पाठविणे, किंवा वाडीस पाचवी जोडून सहावीपासून गावठाणात पाठविणे.

पहिला मार्ग वाहनावर अवलंबून आहे. वाहनाचा खर्च कोण देणार, शनिवारच्या सकाळच्या शाळेस ते येणार काय, बिघडल्यास दुसरी व्यवस्था कोणती, आणि दुसऱ्या वर्षी ते चालू राहील याची हमी कोणाची, हे लेखी ठरल्यावाचून हा मार्ग स्वीकारू नये. दुसऱ्या मार्गाने पाचवीचे मूल एक किलोमीटरच्या मर्यादेबाहेर जाते. तिसऱ्या मार्गात चौथीची तीन मुले वाडीतच राहतात व पट २० होतो; शिक्षक वाढत नाहीत, बहुवर्ग अध्यापनाचा भार मात्र वाढतो. तरीही तिसराच मार्ग नियमास व मुलास अधिक धरून आहे. मात्र सहावीच्या मुलांसाठी ओढ्यावर साकव बांधण्याची मागणी त्याच ठरावात लिहावी. तिच्यावाचून ठराव अपुरा राहील.

आठवीचा प्रश्न याहून नाजूक असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेस आठवी जोडल्यास जवळच्या खाजगी विद्यालयाचा पट घटतो व तेथील शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती असते. ही भीती खरी आहे. तिचा विचार शिक्षकांच्या समायोजनात करावा. तिच्यापायी मुलांची वाट लांबवू नये.

चर्चेपूर्वीची तयारी

सभा बोलाविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पुढील गोष्टी कागदावर आणाव्यात. सहा ते चौदा वयाच्या मुलांची घरनिहाय यादी. गेल्या काही वर्षांत शाळा सोडून गेलेली मुले पुढच्या शाळेत खरोखर दाखल झाली काय याची नोंद. वाटेचा हाताने काढलेला नकाशा. पट कोणत्या महिन्यातील आहे हेही लिहावे. ऊसतोडीस कुटुंबे गेल्यानंतरची गणती शाळा आहे त्याहून लहान दाखविते. अधिनियमानुसार समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या सभासद स्त्रिया असतात. त्या स्त्रियांना प्रथम बोलू द्यावे. मुलगी कोणत्या वाटेने जाईल आणि कोणत्या वाटेने जाणार नाही, हे त्यांना ठाऊक असते.

ज्या शाळेत पुढील इयत्ता नाही, तेथील मुलास दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परंतु कागदावरच्या हक्कास वाटेत पोहोचविणारा कोणीतरी लागतो. म्हणून सांध्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाचे नाव दोन्ही मुख्याध्यापकांपाशी असावे, आणि पुढील शाळेच्या हजेरीपत्रकात ते दिसेपर्यंत पहिल्या शाळेने आपली जबाबदारी संपली असे मानू नये.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतून मुले कोणत्या इयत्तेनंतर बाहेर पडतात? त्यांपैकी पुढील शाळेत किती दाखल झाली?
२. आपल्या क्षेत्रातील सर्वांत दूरचे घर कोणते? तेथून पावसाळ्यात मूल कसे येते?
३. शेजारच्या शाळेशी क्षेत्राची विभागणी करताना कोणती वस्ती दोहोंच्याही यादीतून सुटते काय?
४. आपल्या गावी बदल सुचविला गेल्यास त्याच्या अनुकूल व प्रतिकूल प्रत्येकी तीन कारणे लिहा. प्रत्येक कारण कोणत्या वयाच्या मुलास लागू पडते ते दाखवा.