द्राक्षवेलीची छाटणी

एप्रिल महिन्यात नाशिककडील एखाद्या द्राक्षबागेत नवखा मनुष्य गेला, तर तो हळहळल्यावाचून राहत नाही. फळे नुकतीच उतरलेली असतात, मांडव अजून हिरवा असतो आणि माणसे मात्र हाती कात्र्या घेऊन काडीमागून काडी कापीत चाललेली असतात. सायंकाळी खोड आणि तारांवरून गेलेले ओलांडे तेवढे उरतात. या कामास खरड छाटणी म्हणतात. आणि ते नाव यथार्थ आहे.

युरोपातील थंड प्रदेशांत हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने गळतात, वेल निद्रिस्त होते व तेव्हाच ती छाटतात. महाराष्ट्रात तशी कडाक्याची थंडी नाही. येथे वेल बारा महिने जागीच असते. म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. फळ मात्र एकदाच घेतो.

खरड छाटणीत काडीच्या तळाशी एखादाच डोळा राखतात. त्यातून नवी काडी फुटते आणि उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांच्या आत पुढील हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने घडू लागतो. मौज अशी की, ज्या इवल्या उंचवट्यातून घड होतो, त्यातूनच आधार पकडणारी बाळीही होऊ शकते. भरपूर ऊन लाभले, तर घड होण्याचा संभव अधिक. दाट सावलीत बाळीच होते. याकरिता गर्दी करणारे फुटवे वेळीच काढून टाकतात.

ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहराची छाटणी येते. कसोटी लागते ती येथे. पुष्कळ जातींत काडीचे अगदी तळचे डोळे वांझ असतात व घडाचे डोळे त्यांच्या पुढे असतात. काडी फार आखूड कापली, तर वर्षाचे पीक कात्रीबरोबर भुईवर पडते. बाहेरून सारे डोळे सारखेच दिसतात. म्हणून जाणते बागायतदार काही काड्या आधी प्रयोगशाळेत नेतात व डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात.

वेळेचा प्रश्नही असाच अवघड आहे. फार उशीर केला, तर थंडीत मण्यांची वाढ मंदावते. सप्टेंबरातच छाटले, तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर कोसळतो. पानांवर तेलकट डाग पडतात, पानांखाली पांढरी बुरशी धरते आणि फुलोऱ्यातले घड कुजतात. हाच केवडा रोग. तथापि लवकर आलेल्या द्राक्षांना भाव बहुधा चढा मिळतो. त्यामुळे काही बागायतदार हा धोका जाणूनबुजून पत्करतात. एखाद्या वर्षी पाऊस लवकर सरतो आणि त्यांचा होरा खरा ठरतो.