चिमूटभर मीठ आणि गळ्यातली ग्रंथी



मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवते आणि साकोलीकडच्या गावांत महिलांच्या बैठकाही घेते. दोन्हीकडे एक प्रश्न हमखास येतो : गळ्याला गाठ का येते? उत्तर समजण्यासाठी आधी अंतःस्रावी ग्रंथींची ओळख करून घेऊ.

लाळेच्या ग्रंथीला नळी असते. त्या नळीतून लाळ तोंडात येते. अंतःस्रावी ग्रंथींना नळी नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळून अंगभर पोचतो. त्यालाच संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. स्वादुपिंडातले इन्सुलिन रक्तातली साखर आटोक्यात ठेवते. जंगलात अस्वल समोर आले की छाती धडधडते, पायांत बळ येते. ते काम मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतल्या ॲड्रेनलिनचे. मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी इतर अनेक ग्रंथींना हुकूम देते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. चुलीचा जाळ कमी-जास्त करावा, तसे तिचे थायरॉक्सिन शरीराचे काम मंद किंवा जलद करते. ते कमी पडले की थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, पाळी बिघडते.

थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतेच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांत चार ग्रॅमही नाही. पण ते नियमित मिळावे लागते. पाऊस आणि पूर मातीतले आयोडीन धुऊन नेतात. समुद्र आपल्यापासून दूर, आणि तळ्याच्या मासळीत समुद्राच्या मासळीइतके आयोडीन नसते. ते कमी पडले की पीयूष ग्रंथी 'आणखी बनव' असा हुकूम देत राहते आणि थायरॉईड फुगत जाते. हाच गलगंड. तो करणीने किंवा नजर लागून होत नाही. त्याची इतरही कारणे असतात, म्हणून गाठ डॉक्टरांना दाखवावीच.

गाठ डोळ्यांना दिसते. त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. पोटातल्या बाळाची थायरॉईड पहिले सुमारे तीन महिने काम करत नाही. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच होते. आयोडीन फारच कमी पडले, तर बुद्धीची वाढ खुंटते, ऐकण्या-बोलण्यात दोष राहतो. हे नंतर भरून निघत नाही.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. १९५६ पासून आजच्या हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि गलगंडाचे प्रमाण बरेच उतरले. त्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १७ मे २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

आठवडी बाजारातले गुरांसाठीचे खडे मीठ घरच्या भाजीत घालू नका. पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहूनच मीठ घ्या. चुलीजवळ उघडे ठेवू नका. ऊन आणि ओल यांनी आयोडीन उडते. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो भाजी शिजल्यावर घाला. आशाताईंकडे तपासणी संच असेल तर थेंब टाकून पाहा. मीठ निळे-जांभळे झाले की त्यात आयोडीन आहे. मीठ जास्त मात्र खाऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो.

दिवस गेलेल्या बहिणींनो, थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. लगेच आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. या काळात अनेकदा गोळीची मात्रा वाढवावी लागते.