मोटरसायकलचें तेल घरीं कसें बदलावें?

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारा मनुष्य आधीं त्याचे दांत व खूर पाहतो. घरची मोटरसायकल मात्र आपण रंग पाहून आणतों आणि पुढें तिच्या पोटांत काय चाललें आहे हें विचारीतहि नाहीं. तळोद्याहून धडगांवास जातांना चांदसैलीच्या घाटांत दोन माणसें व एक पोतें घेऊन ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें चढते, तेव्हां इंजिन किती तापत असेल! तें जगतें तें तेलावर.

हें तेल धातूला धातू घासूं देत नाहीं, उष्णता वाहून नेतें आणि काजळी व झिजेचे कण स्वतःत धरून ठेवतें. तें काळें पडतें तें बव्हंशीं या शेवटल्या कामामुळें. यास्तव केवळ रंगावर न जातां गाडीच्या पुस्तिकेंतील किलोमीटरांचा व महिन्यांचा हिशेब पाळावा. आपल्याकडील बहुतेक मोटरसायकलींचा क्लचहि याच तेलांत बुडालेला असतो. मोटारीच्या कांहीं तेलांनीं तो घसरूं लागतो. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' ही खूण पाहूनच तेल घ्यावें.

गाडी उघड्या व सपाट जागीं मधल्या स्टँडवर लावून इंजिन दोन-तीन मिनिटें चालूं ठेवावें. कोमट तेल पातळ होऊन गाळासह उतरतें. मग इंजिन बंद करावें. सायलेन्सरपासून हात जपावा. खालीं पसरट भांडें ठेवून वरचें झांकण काढावें व नेमक्या मापाच्या रिंगपान्यानें तळचा नट सोडावा. तेल पूर्ण गळूं द्यावें. घाई करूं नये.

नट परत बसवितांना झालेली आमची फजिती येथें सांगतों. पहिल्या वेळीं आम्हीं सारा जोर लावून तो आवळला. नट पोलादाचा, इंजिनाचें आवरण ॲल्युमिनियमचें; आटे गेले, तेल ठिबकूं लागलें आणि भर उन्हांत गाडी ढकलीत न्यावी लागली. पदवीधर मास्तरांना एक नट आवळतां येऊं नये, याचें घरीं पुष्कळ हसें झालें. तेव्हां नवा वायसर घालून नट आधीं हातानेंच फिरवीत न्यावा व अखेरीस पान्यानें बेतानें आवळावा.

नवें तेल पुस्तिकेंतील मापानेंच ओतावें. लहान गाड्यांना तें साधारण एक लिटरच्या आसपास लागतें. अधिक ओतणें हाहि दोषच. झांकण लावून इंजिन थोडें चालवावें, बंद करावें आणि कांहीं मिनिटांनीं तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें आहे ना, हें पाहावें. नटाखालीं ओल दिसतां कामा नये.

राहिलें जुनें तेल. तें नालींत किंवा विहिरीपाशीं ओतणें हा मोठा अपराध होय. पहिल्या पावसाबरोबर तें गोमाईला व तेथून तापीला मिळेल. गुरांच्या जखमेवरहि तें लावूं नये. त्याचा नित्य संपर्क माणसाच्या कातडीसहि अपायकारक आहे. हात साबणानें धुवावे. हें तेल डब्यांत भरून, बूच घट्ट लावून, जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्यावें. तें शुद्ध करून पुन्हां वापरतां येतें. मात्र डबा घरांत राहणार असेल, तर त्यावर ठळक अक्षरांत 'जुनें तेल' असें लिहून तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. गोड्या तेलाचे डबेहि तसेच दिसतात.